चार बोटं

वहाण अजिनाथच्या पायातून तिसऱ्यांदा निसटली आणि दुकानाच्या पायरीवर उलटी पडली.

"आता अजून एकदा चालून दाखव," शहादेव म्हणाला. "म्हंजी हायवेवरच्या ट्रकवाल्यांनाबी दिसंल, आश्रुबाच्या घरात कसल्या वहाणा व्हत्यात ते."

अजिनाथने ती पायानेच सुलटी केली. बीडला सरकारी कचेरीत तो वरिष्ठ लिपिक होता आणि तिथे त्याला तोंडावर असं बोलणारं कुणी नव्हतं. चौसाळ्याला आलं की मात्र थोरला भाऊ होता, आणि थोरल्या भावाला हे काम फार वर्षांपासून जमत होतं.

उज्ज्वलाने वहाण उचलली. शहादेवची ही मुलगी चोवीस वर्षांची, संभाजीनगरला डिझाइनचं शिक्षण घेऊन आलेली. गेले आठ महिने तिने एकच ध्यास घेतला होता, आजोबांच्या नमुन्यांचं पुस्तक. आश्रुबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या हातच्या वहाणा, बैलांचे घुंगरपट्टे, कोयत्याची म्यानं, चाबूक, कमरेला बांधायचे पैशांचे कसे, असे एकूण तेवीस नमुने. प्रत्येकाची आकृती, प्रत्येकाचं माप, शिवण कुठून धरायची, गाठ कुठे मारायची, सगळं कागदावर आणायचं होतं. पुठ्ठ्याचे जुने नमुने वाळवीने कधीच खाल्ले होते. शिल्लक होती आश्रुबांच्या अक्षरातली एक लाल वही, आणि त्या वहीत सगळी मापं बोटांत. पुढचा पट्टा चार बोटं. टाचेचा पट्टा वीत आणि दोन बोटं. अंगठा दीड बोट.

बोट म्हणजे किती, हा प्रश्न निघाला तेव्हा घरात कुणालाही डोकं खाजवावं लागलं नव्हतं. अजिनाथचा हात म्हणजे हुबेहूब बापाचा हात, हे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना माहीत होतं. आश्रुबांच्या दहाव्याला दोन म्हाताऱ्या तो हात हातात घेऊन रडल्या होत्या. उज्ज्वलाने काकाची चार बोटं पट्टीवर ठेवली, आठ सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर भरली, आणि त्या मापाने तेवीसच्या तेवीस नमुने काढून मोकळी झाली. कालपर्यंत ती खूष होती.

"तू नीट कापलं न्हाईस," अजिनाथ शेवटी बोलला.

"वहीत लिवलंय, पोरीनं काढलंय, तसंच कापलंय."

"तीस वर्सं आबांच्या शेजारी बसलास तू, दादा. आन एक पट्टा कापता येईना? का मुद्दाम?"

"मुद्दाम कावून करू मी?"

"ते तुला ठाव. पुस्तक निघालं की आबांचा हुन्नर समद्यांचा व्हणार. दुकानाच्या पाटीवरचं नाव तुझ्या एकट्याचं ऱ्हायचं न्हाई."

शहादेव उठून उभा राहिला. उज्ज्वला मध्ये आली.

"काका, पप्पा, भांडण उद्या करा. न्हाई, उद्याबी नका करू. उद्या दहाला तेजश्रीताई येणार हायत."

तेजश्रीताई पुण्याच्या त्या संस्थेच्या, जी पुस्तक छापणार होती. त्यांची अट साधी होती. पुस्तकात बघून घरातल्या कुणीही त्यांच्यासमोर एक जोड कापायचा आणि तो पायात बसला पाहिजे. बसला तर पुस्तक. नाही बसला तर, त्या फोनवर म्हणाल्या होत्या, ही नुसती चित्रं झाली आणि चित्रांचं पुस्तक आम्ही काढत नाही. पुस्तक गेलं की आश्रुबांच्या घरातली वहाण कायमचीच गेली, कारण ती कापणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

अजिनाथने मात्र मुखपृष्ठही छापून आणलं होतं. फेटा बांधलेले आश्रुबा, हातात रापी, म्हणजे चामडं कापायची ती अर्धगोल सुरी, आणि खाली ठळक अक्षरात 'कै. आश्रुबा यांची चर्मकला'. भिंतीवर रोहिदासांच्या तसबिरीखाली त्याने ते चिकटवून टाकलं होतं. छापायची घाई करण्यात काही अर्थ नसतो हे कचेरीतल्या माणसाला कळायला हवं होतं, पण बापाच्या बाबतीत तो कचेरीतला माणूस राहत नसे.

"आत्या," त्याने दाराकडे वळून विचारलं, "तुला काय आठवतंय का गं? आबा बोट कसं धरायचे?"

बायडाबाई उंबऱ्याशी बसून दोऱ्याला मेण लावत होती. आश्रुबांची धाकटी बहीण. लग्नाच्या वर्षातच नवऱ्याने टाकली, एकोणिसाव्या वर्षी ती भावाच्या घरी परत आली, ती आता एकाहत्तरीची झाली. नवरा कुठेतरी जिता असेल म्हणून हातात हिरव्या बांगड्या अजून होत्या.

"मला काय कळतंय रं," ती म्हणाली. "मी मेण लावणारी." आणि वहाणेकडे एकदा बघून तिने नजर दोऱ्यावर आणली. "ढिली हाय एवढं दिसतंय."

"ते तर आंधळ्यालाबी दिसंल," शहादेव म्हणाला.

*

मांजरसुंब्याच्या फाट्यावर तानाजीचा ढाबा आहे. तानाजी हा शहादेवचा शाळेतला सोबती, आणि त्याच्याकडे आश्रुबांच्या घरची एक जुनी वहाण आहे हे शहादेवला मोटारसायकलला किक मारता मारता आठवलं होतं. उज्ज्वलाला मागे बसवून तो तासाभरात तिथे पोहोचला.

"काय बे शाद्या, आज दुकान बंद?" तानाजी गल्ल्यावरून ओरडला. "का आग्र्याचे बूट संपले?"

आग्र्याच्या बुटांचं नाव निघालं की शहादेवला ठेच लागल्यासारखं व्हायचं. आबा गेल्यापासून तो तयार बूट आणून विकत होता. ऊसतोडीला निघालेली माणसं दरसाल दिवाळीनंतर वहाणांसाठी यायची, यंदाही आली, आणि त्याने त्यांना सांगितलं की आता ते कुणी घालत नाही. घालायला सगळे तयार होते. कापायला कुणी नव्हतं.

तानाजीने आतून कागदात गुंडाळलेला जोड आणला. "माझ्या लग्नाचा. लेकाच्या लग्नातबी हाच घातला. फुटला न्हाई, तुटला न्हाई. बघा, पर हात धुऊन बघा."

उज्ज्वलाने जोड बाजेवर ठेवला आणि लाल वही उघडली. लग्नाची वहाण, पुढचा पट्टा चार बोटं. तिने पट्टी लावली. मग परत लावली. मग अंगठ्याला, मग बाजूच्या वेलीला, म्हणजे कडेच्या पट्टीला, मग टाचेला.

"पप्पा, सहा सेंटिमीटर आठ मिलिमीटर. समदीकडं तेच गणित येतंय. ह्यांचं एक बोट सतरा मिलिमीटरचं हाय. काकांचं वीसच्या वर."

शहादेवने स्वतःची चार बोटं पट्ट्यावर आडवी ठेवली. करंगळी जवळजवळ सगळी बाहेर राहिली.

"आबांचा पंजा तर लई दणकट व्हता बे," तानाजी म्हणाला. "माझ्या पाठीत बसायचा तवा पाची बोटं मोजून घ्या म्हणावं."

शहादेव बाजेच्या काठावर बसला. त्याला जे आठवलं ते तानाजीला सांगण्यासारखं नव्हतं. बाविसाव्या वर्षी त्याने बापाला म्हटलं होतं, आबा, मला कापायला शिकवा. कापायचं काम आश्रुबा दुपारी आतल्या खोलीत दार लावून करायचे. कापताना कुणी बघितलं तर नजर लागते आणि रापी घसरते, असा घरातला नियमच होता. आत्या तेवढी दोरा-मेण घेऊन आत असायची. बाप त्या दिवशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, तुझा हात जड हाय, तू शीव. त्यानंतर शहादेवने आयुष्यभर शिवलं. कापलेले तुकडे बाहेर यायचे, तो जोडायचा, आणि दर टाक्याला त्याला वाटायचं की बापाने आपल्याला नापास केलंय. आता पन्नाशी उलटून गेली तरी ते गेलं नव्हतं.

"मग हे माप हाय कुणाचं?" उज्ज्वला म्हणाली.

"बारीक हाताच्या माणसाचं," तानाजी म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

*

शहादेवच्या बायकोच्या, सुनिताच्या, तव्यावरची भाकरी त्या दिवशी पहिल्यांदा करपली.

उज्ज्वलाने आत येऊन एका दमात सगळं सांगितलं, सहा आठ, सतरा, बारीक हात, आणि परत बाहेर पळाली. चुलत्याला आणि बापाला एकटं सोडणं बरं नव्हतं. सुनिताने भाकरी बाजूला काढली. समोर बायडाबाई लसूण सोलत बसली होती. सोलता सोलता तिचा हात थांबला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वी सुनिता या घरात नवी नवरी होती. एका दुपारी पाण्याचा तांब्या घेऊन ती आतल्या खोलीशी गेली आणि दाराला कडी नव्हती. आश्रुबा भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर लाल वही. आणि फळीवर, ओल्या चामड्यावर पाय दाबून बायडाबाई बसली होती, हातात रापी. तिने डाव्या हाताची चार बोटं चामड्यावर ठेवली, म्हणाली "चार", आश्रुबांनी लिहिलं, आणि रापी एका दमात गोल फिरून आली. सुनिताने माहेरी कितीतरी माणसं चामडं कापताना बघितली होती. असं कापणारं कुणी बघितलं नव्हतं.

आणि तीही बाई. या घरात दसऱ्याला सगळ्या हत्यारांना बायका हळद-कुंकू लावायच्या, रापी तेवढी सोडून. रापीला गंध पुरुषांनी लावायचं.

त्याच संध्याकाळी बायडाबाईने तिला परसात गाठलं होतं. पोरी, बाईनं कापलेली वहाण लोकं पायात घालायची न्हाईत, आपला धंदा बसंल, तुझ्या व्हणाऱ्या लेकराची आण हाय तुला. सुनिता तेव्हा वीस वर्षांची होती. आण म्हटल्यावर ती गप्प बसली, आणि गप्प बसण्याची एकदा सवय लागली की ती सोडवत नाही.

"आत्याबाई," ती आता म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?"

"काय सांगायचं?"

"मला येड्यात काढू नका. पट्टीनं सांगितलंय समदं. तुमचा हात तेवढा तिच्याखाली ठिवायचा ऱ्हायलाय."

बायडाबाईने लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "भावाला शब्द दिलाय मी. नवऱ्यानं टाकलेली बहीण घरात घेतली त्यानं. गावानं नावं ठिवली, भावकीनं ठिवली, त्यो कधी एक सबूद बोलला न्हाई. त्याला कापता येत नव्हतं, सुनिता. चामडं वाया जायचं, मग आत बसून रडायचा. मी म्हणलं, दे इकडं. एवढंच झालं."

"एवढंच? पन्नास वर्सं?"

"त्यानं घर दिलं, मी नाव दिलं. आता मेल्यावर परत मागू का ते?"

"मागू नका," सुनिता म्हणाली, आणि तिचा आवाज तिला न विचारताच वर गेला. "पर माझ्या नवऱ्याचं काय? बापानं त्यांना सांगितलं, तुझा हात जड हाय. तीस वर्सं ते बोल घेऊन जगले. मला किती येळा म्हणले, आबानं मला लायक समजलं न्हाई. आन मी मान डोलवत बसले, मला ठाव असून!"

बायडाबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "शाद्याला तसं वाटतंय?"

"मग काय वाटंल?"

"मला वाटलं त्याला आवडत न्हाई कापायचं. भाऊ तसंच म्हणला व्हता मला." ती हातातल्या लसणाकडे बघत राहिली. "तसंच म्हणला व्हता."

सुनिताने तवा उतरवला, पदर खोचला आणि बाहेर गेली. मागे वळून बघितलं असतं तर कदाचित ती थांबली असती, म्हणून तिने बघितलं नाही.

*

वहिनी बोलली तेव्हा अजिनाथला पहिल्यांदा कचेरीत करतो तसंच करावंसं वाटलं. अर्ज नीट ऐकायचा, पुरावा मागायचा आणि फाइल खाली सारायची. पण पुरावा त्याच्यासमोर बाजेवर पडला होता, तानाजीकडून मागून आणलेला जोड.

शहादेव सुनिताकडे वळला. मग त्याने बायकोला एकच विचारलं. "तुला कधीपास्नं ठाव?"

"लग्नाच्या वर्सापास्नं."

"बरं," तो म्हणाला, आणि तो 'बरं' ऐकून सुनिता रडायला लागली. ओरडला असता तर तिला सोसलं असतं.

"हे बघा," अजिनाथ उठला, "ही गोष्ट ह्या चार भिंतीत ऱ्हायली पायजे. उद्या बाहेर गेलं तर लोकं काय म्हणतील? आश्रुबा बहिणीच्या जिवावर मोठा झाला म्हणतील! चाळीस गावात नाव हाय आबांचं. मेलेल्या माणसाला जबाब देता येत न्हाई, दादा."

"जित्या माणसालाबी कुठं देऊ दिलाय?" उज्ज्वला म्हणाली.

"तू गप. आत्याच्या हाताचं माप घे, वीत, मूठ, पेर, काय लागंल ते घे. सेंटिमीटर लिही. हात कुणाचा ते कुणी विचारणार न्हाई. मुखपृष्ठ हाय तसं ऱ्हाऊ दे."

"काका, तुमच्या हातानं पुस्तक चुकलं म्हणून—"

"मी म्हणलो व्हतो का माझा हात घ्या? तुमीच समदे म्हणलात!"

हे खरं होतं.

बायडाबाई केव्हा दारात येऊन उभी राहिली ते अजिनाथला कळलं नाही. ती त्याच्याकडे बघत नव्हती. थोरल्याकडे बघत होती.

"शाद्या," ती म्हणाली.

"मला शिकवलं कावून न्हाई, आत्या?" शहादेवने जमिनीकडे बघत विचारलं. "एकदा आत बोलावलं असतं. मी काय गावात दवंडी दिली असती?"

"तुझा हात जड न्हाई. कधीच नव्हता. तुझी शिवण मी रोज बघत व्हते." तिने पदर तोंडाला लावला, मग काढला. "भाऊ तुला शिकवणार कसा? त्याला आलं तर पायजे. आन येत न्हाई हे लेकाला सांगायचं त्याच्यानं झालं न्हाई. मला म्हणला, पोराला आवडत न्हाई. मी खरं मानलं. माझी चूक ती."

शहादेवने तोंड भिंतीकडे फिरवलं. अजिनाथने थोरल्या भावाला बापाच्या अंत्यविधीलाही रडताना पाहिलं नव्हतं. आता त्याचे खांदे हलत होते आणि कुठे बघावं ते अजिनाथला कळेना. त्याने मुखपृष्ठाकडे बघितलं. फोटोतल्या आश्रुबांनी रापी मुठीत धरली होती, कांदा चिरायची सुरी धरावी तशी. हा फोटो त्याने शंभरदा बघितला असेल आणि हे त्याला कधी दिसलं नव्हतं.

थोड्या वेळाने शहादेव उठला. त्याने कपाटावरून रापी काढली, फळी काढली, बादलीतलं भिजलेलं चामडं काढलं आणि सगळं आत्याच्या पुढ्यात ठेवलं. दुकानाचं दार उघडं होतं. समोरून ऊसतोडीची माणसं घेऊन एक ट्रक सावकाश चालला होता, भांडी, शेळ्या, लेकरं, सगळं वर रचलेलं.

"दार लाव," बायडाबाई म्हणाली.

"न्हाई लावत," शहादेव म्हणाला.

ती खाली बसली. मग म्हणाली, "पाय पायजे. अजिनाथ, ये."

"आत्या, मी तुझ्यापुढं पाय कसा—"

"माप घेताना लहान-थोर बघत न्हाईत. उभा ऱ्हा चामड्यावर."

त्याने मोजे काढले आणि उभा राहिला. तिने कोळशाचा तुकडा घेतला आणि त्याच्या टाचेपासून रेघ ओढायला सुरुवात केली. थंड, ओली, तळव्याच्या कडेकडेने. तिच्या बांगड्या त्याच्या घोट्याशी वाजत होत्या.

आणि अजिनाथला ते आठवलं. तो आठ वर्षांचा असेल. सुट्टीतली दुपार, घोंगडीवर पडलेला, अर्धवट झोपेत, आणि तळव्याभोवती काहीतरी गार फिरतंय आणि बांगड्या वाजतायत. आत्या पांघरूण घालतेय असं समजून तो परत झोपी गेला होता. दुसऱ्या दिवशी दिंद्रुडला मामाच्या लग्नाला जाताना नव्या वहाणा पायात, अगदी नेमक्या. कसं माप घेतलं, असं विचारल्यावर आबा म्हणाले होते, डोळ्यांनी घेतलं. ती गोष्ट तो कचेरीत सांगायचा. सोयऱ्यांत सांगायचा. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने पहिल्याच परिच्छेदात ती लिहिली होती.

त्याला बसावंसं वाटलं, पण मापावर उभं असताना हलायचं नसतं.

"झालं," ती म्हणाली. तिने चार बोटं चामड्यावर आडवी ठेवली, रापी टेकवली, आणि पट्टा निघाला. मग टाच. मग अंगठा. सुनिता डोळे पुसायचं विसरून बघत होती.

"ही डावी," बायडाबाई म्हणाली आणि रापीची मूठ शहादेवकडे केली. "उजवी तू. पोरीनं सतराचं माप काढलंय त्यावरनं काप. माझ्याकडं बघू नको, कागदाकडं बघ. उद्या मी नसल्यागत काप."

शहादेवने रापी घेतली. पहिला काप वाकडा गेला. "थांब. मनगट न्हाई, खांदा फिरव," ती म्हणाली. दुसरा बरा आला. तिसऱ्याला ती काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं शहादेवला इतकं गोड लागलं की त्याने मान वर केली नाही. शिवायला त्याला वेळ लागला नाही. ते त्याला येतच होतं.

ऊन उतरायच्या आत जोड तयार झाला. अजिनाथ तो घालून पायरी उतरला, रस्त्याच्या कडेने पाणपोईपर्यंत गेला, परत आला. डावी बसली होती. उजवीची एक कड जराशी जाड होती, पण पायातून सुटली नाही. उज्ज्वलाने एकदम टाळी वाजवली आणि मग लाजली.

"उद्या तेजश्रीताईंच्या समोर पप्पा कापतील," ती म्हणाली. "आता फक्त पयलं पान. आज्जी, तुझा हात पायजे मला. कागदावर. सेंटिमीटर मी लिहीनच, पर वहीत बोट हाय, पेर हाय, वीत हाय. ज्याच्याकडं पट्टी न्हाई त्यानं ह्या हाताशी आपला हात लावून बघायचा आन तेवढा फरक धरायचा. हाताबिगर हे पुस्तक अर्धं हाय."

सगळ्यांनी अजिनाथकडे बघितलं. मगाशी बोललेलं त्याने मागे घेतलं नव्हतं.

"अजिनाथ म्हणतो ते खरं हाय," बायडाबाईच म्हणाली. "हात छापा. नाव भावाचंच ऱ्हाऊ द्या. हाताला काय नाव असतंय?" तिने कोरा कागद जवळ ओढला आणि उज्ज्वलाकडे बघून म्हणाली, "थांब, बांगड्या काढते. त्या रेघंत आल्या तर बाईचा हात हाय हे कळंल."

बांगड्या जुन्या होत्या आणि हाताचे सांधे सुजलेले. पहिली निघेना. तिने अंगठा आत दुमडला, ओठ दाबले आणि जोर लावला.

अजिनाथ पुढे झाला आणि खाली बसला. त्याने तिचं मनगट धरलं, ती बांगडी हळूच मागे सरकवली आणि हात कागदावर पालथा ठेवला.

"ऱ्हाऊ दे, आत्या."

"आन भावाचं नाव?"

"वही आबांचीच हाय. अक्षर त्यांचं हाय. तेवढं खरं हाय, तेवढं लिवू." त्याने कागद सरळ केला. "हात तुझा हाय."

तिने बोटं पसरली. उज्ज्वलाने करंगळीपासून पेन्सिल फिरवायला घेतली, बोटामागून बोट, अंगठा, मग मनगट. मनगटापाशी पेन्सिल क्षणभर थांबली, आणि मग एकेका बांगडीवरून वळण घेत पुढे गेली.